माथ्यावरचं पाणी

पुसद शहर खोऱ्यात आहे आणि तांडे माथ्यावर. यवतमाळ जिल्ह्याच्या पाण्याची कथा सांगायला कुठून सुरुवात करावी असं कोणी विचारलं, तर मी इथूनच करीन. पूस नदीच्या काठी काळी कसदार वावरं, त्यांच्या कडेनं डोंगर, आणि डोंगरावरच्या बरड माळावर बंजाऱ्यांची वस्ती. पाऊस आधी तांड्यावर पडतो. तांड्याच्या उतारावरून तो धावत खाली येतो, जाताना बोटभर माती घेऊन जातो, नदीला मिळतो आणि पैनगंगेवाटे जिल्ह्याबाहेर पडतो. मार्च उजाडला की तांड्यावरची बाई डोक्यावर हंडा घेऊन त्याच उतारानं पाण्यासाठी खाली येते.

या माथ्यावरच्या एका तांड्यानं, गहुलीनं, महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. काका वसंतराव नाईक आणि पुतणे सुधाकरराव नाईक. एकाच्या कारकिर्दीत रोजगार हमी योजना राज्यभर गेली, दुसऱ्याच्या कारकिर्दीत जलसंधारण खातं उभं राहिलं. राजकारणाच्या इतिहासात या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. त्या एकाच गावातून, एकाच प्रश्नातून आल्या, हे फारसं कोणी जोडून सांगत नाही.

बंजारे पूर्वी लमाण म्हणून बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घेऊन देशभर हिंडत. हजारो बैलांचा तांडा जिथे उतरायचा तिथे चारा आणि पाणी लागायचं, त्यामुळे कोणत्या नाल्यात वैशाखातही झिरा असतो हे त्यांना पाठ असे. इंग्रजांनी रस्ते बांधले, मग आगगाडी आली आणि हा व्यापार बसला. तांडे एका जागी थांबले. पण तोवर खोऱ्यातली चांगली जमीन वाटली गेली होती. उशिरा आलेल्यांच्या वाट्याला जंगलाची कड आणि माळ आला. चतुरसिंग नाईकांनी गहुली वसवली ती अशाच काळात. त्यांचे चिरंजीव फुलसिंग नाईक, आणि फुलसिंगांच्या घरी 1 जुलै 1913 रोजी वसंतरावांचा जन्म झाला.

या जिल्ह्याला पाऊस कमी आहे असं म्हणता येत नाही. सरासरी 900 मिलिमीटरच्या वर पडतो, म्हणजे नगर-सोलापूरच्या दीडपटीहून अधिक. तरीही इथला शेतकरी कोरडवाहूच राहिला, याचं उत्तर जमिनीच्या पोटात आहे. वरची माती काळी. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, पहिला पाऊस ती घटाघटा पिते, मग फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं पाणी वरून वाहू लागतं. मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. विहिरीला पाणी मिळतं ते या मुरमातलं आणि दगडाच्या फटींतलं. हा साठा उथळ असतो. सप्टेंबरात काठोकाठ भरलेली विहीर माघात तळ दाखवते.

पूर्वेला झाडीपट्टीत, भंडारा-चंद्रपूरकडे, कोहळी समाजानं शेकडो तलाव बांधले. वऱ्हाडात ती परंपरा नाही. याला कुणी वऱ्हाड्यांचा आळस म्हणत असेल तर तो अन्याय आहे. तिकडे धान, धानाला उभं पाणी हवं. इकडे ज्वारी आणि कापूस. काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवरच ही पिकं निघत. वावराला धुरे घालून माती आणि ओल धरून ठेवायची, हेच इथलं जलव्यवस्थापन. माती हीच टाकी होती.

हा तोल कापसानं बिघडवला. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. गायरानं मोडली, उतारावरची झुडपं तोडली, तिथेही पराटी उभी राहिली. वणी नावाचा हा जिल्हा 1905 मध्ये यवतमाळ झाला, पुसद तालुका त्याच वर्षी त्याला जोडला गेला आणि त्या सुमारास मूर्तिजापूरहून कापसासाठी छोटी रेल्वे यवतमाळला येऊन पोचली. गाठी वाहून न्यायला लोहमार्ग आला. त्याच काळात शेतीच्या पाण्यासाठी सरकारनं या जिल्ह्यात सांगण्याजोगं काही केलं नाही. 1899-1900 च्या दुष्काळानं वऱ्हाड पोळून निघाला, तेव्हा पोटासाठी लोकांना खडी फोडायला आणि रस्त्यांवर राबायला लावलं. दुष्काळ आला की खडी, ही इंग्रजी रीत स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं चालू राहिली.

वसंतराव वकील होऊन पुसदला आले. 1946 मध्ये पुसदचे नगराध्यक्ष, 1952 मध्ये आमदार, पुढे कृषिमंत्री, महसूलमंत्री आणि 5 डिसेंबर 1963 रोजी मुख्यमंत्री. अकरा वर्षांहून अधिक काळ ते त्या पदावर होते. शेती हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. 1965 मध्ये पुण्यात शनिवारवाड्यासमोर त्यांनी दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण करण्याची प्रतिज्ञा केली आणि ती पुरी झाली नाही तर फासावर जाण्याची भाषा केली. संकरित ज्वारीचा प्रसार, राहुरी आणि अकोल्याची कृषी विद्यापीठं, मोठी धरणं हे सगळं त्यांच्याच काळातलं. पुसदजवळ पूस नदीवर 1971 मध्ये धरण पुरं झालं. पुढे पैनगंगेवर ईसापूर झालं, दिग्रसजवळ अरुणावती झालं.

धरणांनी खोऱ्याचं रूप पालटलं. उमरखेड-महागावच्या पट्ट्यात ऊस आला, केळी आली, पोफाळीला साखर कारखाना निघाला. ईसापूरच्या पाण्याचा मोठा वाटा पुढे हिंगोली-नांदेडकडे गेला. पण कालवा उताराच्या दिशेनं वाहतो. धरणाच्या वर राहणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. गहुलीसारखे तांडे माथ्यावर होते आणि माथ्यावरच राहिले. पुसद, दिग्रस, महागावच्या तांड्यांतली कुटुंबं दिवाळीनंतर घराला कुलूप लावून ऊसतोडीला जातात, दुसऱ्यांच्या ओलिताचा ऊस तोडायला. मुलांची शाळा तिथेच तुटते. पाण्याचा प्रश्न तांड्यावर रोजीचा प्रश्न होतो तो असा.

1970 पासून राज्याला पाऊस हुलकावण्या देत होता. 1972 चा पावसाळा कोरडा गेला. मार सगळ्यात जास्त बसला तो नगर, सोलापूर, बीड, उस्मानाबादला. विदर्भाला त्या मानानं कमी. पण मुख्यमंत्री वऱ्हाडचा होता आणि सगळं राज्य त्याच्या दारात उभं होतं. अमेरिकेहून लाल मिलो ज्वारी आली, कामावर सुकडी वाटली गेली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायांना आजही मिलोच्या भाकरीचा रंग आठवतो.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग केला होता. काम मागेल त्याला काम, आणि काम असं की ज्यातून शेतीची ताकद वाढेल. पागे गांधीविचाराचे, अभ्यासू, हिशेबी. वसंतरावांनी हा प्रयोग राज्याचा केला. 1973 च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. 1971 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या 5 कोटींच्या किंचित वर. दर दहा माणसांतलं एक माणूस, लेकरं-म्हातारी धरून, सरकारी कामावर घाम गाळत होतं. जगाच्या इतिहासात लोकशाही सरकारानं दुष्काळात एवढ्या लोकांना एकाच वेळी काम दिल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. भूकबळी टळले ते या कामांमुळे, असं अर्थशास्त्रज्ञांनीही पुढे मान्य केलं.

सुरुवातीला याही वेळी खडीच होती. रस्त्याकडेला खडीचे ढीग लागत, पुढच्या पावसात ते तसेच पडून राहत. हळूहळू कामाचा रोख बदलला. नालाबंडिंग, बांधबंदिस्ती, पाझर तलाव. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण पाझर तलाव हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो, त्याचं काम मात्र थोड्यांना ठाऊक असतं. या तलावाला कालवा नसतो, मोट नसते, मोटार नसते. नाल्याला आडवा मातीचा बांध घालायचा, पावसाचं पाणी अडवायचं आणि ते खालच्या मुरमात जिरू द्यायचं. दिवाळीपर्यंत तलाव अर्धा रिकामा दिसू लागला की नवखा माणूस म्हणतो, गळतोय. तो गळण्यासाठीच बांधलेला असतो. ते पाणी खालच्या अंगाच्या विहिरींत उमटतं. विहिरीवाल्याला कळतही नाही की आपल्या मोटारीला येणारं पाणी वरच्या तांड्याच्या शिवारातून आलं आहे. धरणाचं पाणी दिसतं म्हणून त्याचं उद्घाटन होतं. पाझराचं पाणी दिसत नाही.

हे काम माणसांच्या हातांनी झालं. ठेकेदार नाही, यंत्र नाही. पुरुष खोदत, बाया टोपल्यांनी माती वाहत. मापाप्रमाणे दाम, बाईला आणि बाप्याला एकच दर. घराबाहेर स्वतःच्या नावानं मजुरी घेण्याची अनेक बायांची ती पहिली वेळ होती. वसंतरावांनी 20 फेब्रुवारी 1975 रोजी मुख्यमंत्रिपद सोडलं. रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर दिवसाला 1 रुपया बेकारी भत्ता, अशी त्यात तरतूद होती. शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसायकरातून या योजनेला पैसा आला. 1979 मध्येच 18 ऑगस्टला वसंतरावांचं सिंगापुरात निधन झालं. देशाला असा कायदा करायला 2005 साल उजाडावं लागलं.

एवढं सांगितल्यावर उणं काय ते सांगितलंच पाहिजे. रोजगार हमीचं पहिलं उद्दिष्ट रोजगार होतं, पाणी त्याच्या मागून आलं. मजुरांच्या गावापासून पाच किलोमीटरच्या आत काम द्यायचं, म्हणून तलावाची जागा मजूर कुठे आहेत यावर ठरली. खालचा दगड पाणी पितो की नाही हे कैक ठिकाणी बघितलंच गेलं नाही. काही तलाव काळ्या पाषाणावर बसले, तिथे पाणी जिरलं नाही, उन्हानं उडून गेलं. काहींच्या वरचा डोंगर उघडाबोडका, त्यामुळे पाच-सात पावसाळ्यांत तळाला गाळाचा थर बसला आणि पाझर बंद झाला. माथ्यावर आधी चर खोदायचे, झाडोरा वाढवायचा, मग मधल्या उतारावर बांध, मग नाला, आणि सगळ्यात शेवटी तलाव, हा क्रम कागदावर होता. प्रत्यक्षात कृषी खातं बांध घाली, सामाजिक वनीकरण रोपं लावी, पाटबंधारे खातं तलाव बांधी आणि भूजल सर्वेक्षण आपले नकाशे तयार करी. चौघांची कामं चार वेगळ्या डोंगरांवर.

हीच गाठ सुधाकररावांनी सोडवायला घेतली. 21 ऑगस्ट 1934 चा त्यांचा जन्म, तोही गहुलीचा. गावची सरपंचकी, जिल्हा परिषद, मग विधानसभा असा त्यांचा प्रवास खालून वर झालेला. पाझर तलावाचा गाळ काढायला कोणाच्या टेबलावर अर्ज द्यावा लागतो आणि तो तिथून कुठे जातो, हे त्यांना सरपंच असल्यापासून माहीत होतं. 25 जून 1991 रोजी ते मुख्यमंत्री झाले. कारकीर्द जेमतेम दीड-पावणेदोन वर्षांची. गुन्हेगारी आणि राजकारणाच्या साट्यालोट्यावर त्यांनी घेतलेली भूमिका, मग मुंबईतल्या दंगली आणि राजीनामा, इतकंच त्या काळाबद्दल वर्तमानपत्रांतून वाचायला मिळतं. पण 1992 मध्ये त्यांनी जलसंधारणाचं स्वतंत्र खातं निर्माण केलं आणि विखुरलेल्या चार यंत्रणा एका पाणलोटाच्या नकाशावर आणण्याचा प्रयत्न केला. आदर्श गाव योजनाही त्याच वर्षीची. राळेगणसिद्धीत पाणी अडवून-जिरवून जे घडलं होतं ते इतर गावांतही घडावं, हा तिचा हेतू.

पाणलोट हा शब्द तेव्हा गावात नवा होता. त्याचा अर्थ असा की गावाची शीव, तालुक्याची हद्द, मतदारसंघ हे सगळं बाजूला ठेवायचं आणि पाणी कुठून कुठे वाहतं तेवढंच बघायचं. भूजल यंत्रणेनं सगळा महाराष्ट्र अशा दीड हजाराच्या आसपास पाणलोटांत वाटला. त्या नकाशात तांडा आणि खोऱ्यातलं गाव एकाच रेषेच्या आत येतात. माथ्यावरच्या माणसानं पाणी अडवल्याशिवाय पायथ्याच्या माणसाची विहीर भरत नाही, हे सरकारी कागदावर पहिल्यांदा नीट उतरलं. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा भिंतीभिंतींवर गेली, शाळकरी पोरं प्रभातफेरीत ती देऊ लागली. माझ्या मते सुधाकररावांचं हे काम त्यांच्या बाकी सगळ्या राजकारणापेक्षा मोठं आहे. पद गेल्यावर, हिमाचलचं राज्यपालपद भूषवून आल्यावरही, त्यांनी जलसंधारणाचा ध्यास सोडला नाही. 10 मे 2001 रोजी ते गेले. तो दिवस राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळतात.

त्यानंतरची वर्षं यवतमाळला फार वाईट गेली. 2002 मध्ये बीटी कापूस आला. बियाणं महाग, खत महाग, फवारा महाग, आणि पाणी मात्र तेच वरच्या पावसाचं. बोंडं भरायच्या वेळी, ऑक्टोबरात, एक पाणी मिळालं तर क्विंटलांचा फरक पडतो. ते एक पाणी बहुतेकांकडे नव्हतं. आत्महत्यांच्या बातम्यांत यवतमाळचं नाव रोज येऊ लागलं. 1 जुलै 2006 रोजी, वसंतरावांच्या जयंतीच्याच दिवशी, पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्यातली निम्म्याहून अधिक रक्कम सिंचनासाठी होती आणि तिचा भर पुन्हा रखडलेल्या प्रकल्पांवर होता. बाभूळगाव तालुक्यातला बेंबळा प्रकल्प असाच वर्षानुवर्षं रेंगाळत पुरा होत गेला. निम्न पैनगंगा प्रकल्पाच्या बुडिताला घाटंजी-आर्णीकडच्या गावांनी कडवा विरोध केला. खोऱ्यातल्या जमिनी बुडवून खालच्यांना पाणी द्यायचं, हा हिशेब आता लोक मुकाट्यानं मान्य करत नव्हते.

छोट्या कामांची वाट याच काळात काही ठिकाणी पुन्हा उघडली. केळापूर, झरी, घाटंजीच्या डोंगरात कोलाम आदिवासींची पोडं, म्हणजे वस्त्या, आहेत. पोडाजवळचा नाला पावसाळ्यानंतरही काही महिने वाहतो. त्याला वरच्या बाजूला छोटा बांध घालून पाणी पाइपानं, फक्त उताराच्या जोरावर, वावरात न्यायचं. विजेचं बिल नाही, डिझेल नाही. 'दिलासा' या संस्थेनं जिल्ह्यात अशी कामं केली. एका हंगामाऐवजी दोन हंगाम पिकले, हरभरा आला, भाजीपाला आला आणि काही घरांचं बाहेर जाणं थांबलं. डिसेंबर 2014 पासून जलयुक्त शिवार अभियानात नाले खोल झाले. पानी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेत जिल्ह्यातल्या गावांनी उन्हाळ्याच्या पहाटे श्रमदान केलं. नोकरीसाठी बाहेर पडलेली पोरं सुट्टी काढून कुदळ घेऊन आली.

जलयुक्तबद्दल मात्र एक खंत आहे. टोपल्यांच्या जागी पोकलेन आली तेव्हा काम झपाट्यानं झालं, पण पोकलेनला नाल्यात उतरायला आवडतं, डोंगरावर चढायला नाही. नाला खोल झाला, माथा तसाच राहिला. दोन पावसांत वरची माती येऊन खोदलेला डोह बुजला. वसंतरावांच्या काळात झालेली चूक नव्या यंत्रांनी पुन्हा झाली.

2017 मध्ये पाऊस कमी झाला. 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराची तहान भागवणारे निळोणा आणि चापडोह हे दोन्ही जलाशय कोरडे पडले. नळाला आठवडेच्या आठवडे पाणी नव्हतं, गल्लीगल्लीत टँकरपुढे ड्रमांच्या रांगा लागल्या. तांड्यावरच्या बायांना जे दर मार्चमध्ये भोगावं लागतं ते त्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी बंगल्यांत राहणाऱ्यांना भोगावं लागलं. शहराची नजर बेंबळ्याच्या पाइपलाइनकडे लागली, म्हणजे पुन्हा लांबच्या धरणाकडे. निळोण्याच्या वरच्या डोंगरावर किती चर आहेत, याची चर्चा मी तेव्हा ऐकली नाही.

रोजगार हमीवर बांधलेले पाझर तलाव आता पन्नाशीत आहेत. ज्या बायांनी त्यांच्यासाठी माती वाहिली त्यांतल्या बऱ्याच जणी गेल्या. बांध मात्र पुष्कळ गावांत शाबूत आहेत. त्यांच्यावर बाभळी वाढल्या आहेत, सांडवे फुटले आहेत, तळात गाळ आहे. तो गाळ काढून माळावरच्या वावरात टाकला तर बरडावरही पराटी धरते, कारण ती मुळात तिथलीच माती आहे. त्यासाठी नवी योजना लागत नाही. ग्रामसभेचा ठराव, रोजगार हमीतून मजुरी आणि गावातले ट्रॅक्टर एवढ्यावर ते होतं.

10 मेच्या जलसंधारण दिनानंतर पावसाला साधारण महिना उरतो. तुमच्या गावच्या शिवारात असा तलाव असेल, तर त्या दिवशी हार-समारंभाची वाट न बघता बांधावर जाऊन उभे राहा, तळाचा गाळ किती आहे ते मोजा, सांडवा बघा, आणि तिथून वर माथ्यापर्यंत चालत जा. वरच्या वस्तीतली माणसं बरोबर घ्या. पाणी कुठून येतं ते त्यांना माहीत आहे.